आधी दगडांची नोंद, मग सुशोभीकरण: खिद्रापूरच्या कोपेश्वरासाठी खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

२०२१-२२ च्या राज्य अर्थसंकल्पात आठ प्राचीन मंदिरांच्या जतनासाठी निधीची घोषणा झाली. त्या यादीत आमच्या शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर होते. यादी वाचून फार आनंद झाला होता, पण तेव्हापासून एक काळजीही लागून राहिली आहे. निधी म्हटला की फरशी, दिवे आणि कमानी यांचीच चर्चा आधी सुरू होते. माझी विनंती एवढीच, की यातले काहीही करण्याआधी या देवळाच्या दगडनदगडाची नोंद करून घ्यावी. ती झाली असेल, तर सर्वांना पाहता येईल अशी खुली करावी.

घाई का, तर कृष्णा. देऊळ नदीकाठी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आमच्या तालुक्याने पुराचे काय हाल सोसले, हे आपण जाणताच. माणसे बोट आल्यावर बाहेर पडतात, देवळाला जागचे हलता येत नाही. पाणी ओसरते, पण गाळ कोरीव कामाच्या खोबणीत बसतो आणि ओल सांध्यांत मुरते. पुढच्या पुरात एखादी मूर्ती निखळली, तर आधी ती कशी होती हे कशावरून ठरवणार?

बाहेरून फेरी मारताना खाली बसून गजपीठ पाहा. सगळ्या देवळाचा भार हत्तींच्या रांगेने पाठीवर पेलला आहे. लांबून ते एकसारखे वाटतात, जवळ गेल्यावर प्रत्येकाच्या गळ्यातले आणि पाठीवरचे दागिने निरनिराळे दिसू लागतात. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. जे शाबूत आहे ते किती बारकाईने घडवले आहे, हे हात न लावताही कळते.

आणि स्वर्गमंडप! अठ्ठेचाळीस खांबांचा हा मंडप मधोमध आकाशाला उघडा आहे. आतल्या बारा खांबांच्या वर गोल झरोका आणि बरोबर त्याखाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. होमाचा धूर जावा म्हणून छत मोकळे ठेवले असे गावात सांगतात, तर घुमट पूर्ण झालाच नाही असेही एक मत आहे. फलकावर दोन्ही लिहावे, वाचणाऱ्याला विचार करू द्यावा. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र झरोक्यावर येतो तेव्हा कॅमेरे घेऊन गर्दी होते. लोक येतात याचा आनंदच आहे, पण त्यांतले पुष्कळजण गाभाऱ्यात न डोकावताच परततात.

तिथेच तर या देवळाची खरी गोष्ट आहे. गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत. दक्षाच्या यज्ञात सतीने देह ठेवला, शिव कोपला आणि इथे येऊन बसला, तो कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो शेजारचा धोपेश्वर. रागावलेल्याला एकटे सोडायचे नाही, कुणीतरी जवळ बसायचे, असा या जोडीचा अर्थ मला लहानपणापासून वाटत आला आहे. शंकराच्या देवळात आल्यावर डोळे नंदीला शोधतात, तो मात्र इथे नाही. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून तो परतलाच नाही. तो नदीपलीकडे येडूरला आहे, असे आमच्याकडे मानतात. येडूर आज कर्नाटकात, चिकोडीच्या बाजूला. तिथे वीरभद्राचे मोठे देवस्थान आहे, आणि वीरभद्र म्हणजे त्याच यज्ञाचा विध्वंस करणारा! एकच कथा दोन काठांवर आणि आता दोन राज्यांत विभागली गेली आहे. आमच्या आज्या ती सलग सांगत, मध्ये सीमा येत नसे.

देवळाचा इतिहासही असाच अनेक हातांतून गेलेला. मुख्य काम शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले. दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणदेवाचा तेराव्या शतकातला शिलालेख आहे. देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दिल्याची नोंद त्यात आहे. या लेखाचे वाचन सोप्या मराठीत तिथेच लावावे. त्याला कितीसा खर्च येणार?

मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे राज्याच्या हाती सगळे नाही, हे मी जाणतो. म्हणूनच आपण पुढाकार घेऊन केंद्राशी बोलावे. पावसाळ्याआधी मंदिराचे त्रिमितीय स्कॅनिंग करावे, पूर ओसरला की दर वेळी त्याच्याशी ताडून पाहणी करावी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीत ठेवावा. गाळ काढताना पाण्याचा जोराचा फवारा आणि सांधे बुजवायला सिमेंट, या दोन्हींना सक्त मनाई असावी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून कथा ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, आणि त्यासाठी येडूरलाही माणूस पाठवावा, कारण तिकडचे लोक नंदीची बाजू कानडीत सांगतील. कर्नाटकाच्या आपल्या समपदस्थांना यासाठी एक पत्र धाडावे, ही विशेष विनंती.

फरशी आणि दिव्यांचे काम यानंतर घ्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शिरोळ तालुक्यातील एक रहिवासी