डिसेंबरात येत नाही, म्हणून हे पत्र

डब्लिन, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर मी सांगितलं तेव्हा आई, तू नुसतं "बरं" म्हणालीस. ते "बरं" माझ्या ओळखीचं आहे. सहलीचे पैसे भरायच्या आदल्या रात्री मी चिठ्ठी काढायचे, तेव्हाचं ते "बरं". म्हणून लिहायला बसले. फोनवर मध्येच बाबा "आवाज येतोय का, आवाज येतोय का" सुरू करतात आणि मुद्द्याचं राहून जातं.

तर डिसेंबरात मी येत नाही. तिकीट रद्द केलं, पैसे बरेचसे परत मिळाले (हे बाबांसाठी). फेब्रुवारीत येते, चिनूला घेऊन, पुरे तीन आठवडे. पण आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसेन. मोतीबिंदू म्हणजे काहीच नाही, त्याच दिवशी घरी सोडतात, असं मला इथे सगळे सांगतात. मीही सगळ्यांना तेच सांगत सुटलेय. रात्री मात्र उठून डोळ्याचे थेंब दिवसातून किती वेळा घालतात ते वाचत बसते.

कारण तुम्हाला माहीत आहे. आधी दोन दिवस रेकॉर्डिंग आणि मग दहा दिवस गॉलवे, एनिस, डिंगल, स्लायगो असं गात फिरायचं. आम्ही चौघी. एक फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवते, एक कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी पेटी), तिसरी गाते आणि मी मध्येमध्ये आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हणते. ऐकायला विचित्र वाटेल, पण फिडल ओवीच्या मागून इतकी गुमान चालते की काय सांगू. वर्षाची रजा वीस दिवस, त्यातली उरलेली सगळी यात जाते. नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. दोनदा म्हटलंही. तिसऱ्यांदा म्हणवलं नाही.

"पोराला टाकून?" हे बाबा बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. चिनू त्याच्या बाबाजवळ आहे. वरण-भात दोघांनाही येतो. शाळा जवळ आहे, रोज रात्री मी त्याच्याशी फोनवर बोलणार आहे आणि तो मला "आई, आता ठेव" म्हणणार आहे.

बाबा, तुम्हाला एका बाईबद्दल सांगायचंय. मेरी ब्लॅक, इथली गायिका. माझ्या शेजारच्या आजी तिचं नाव आपल्याकडे आशाबाईंचं घेतात तसं घेतात. जुन्या वस्तूंच्या दुकानात तिची 'नो फ्रंटियर्स'ची कॅसेट मिळाली, 1989 सालची. फीत सैल होती. पेनाने गुंडाळली, हेड कापसाने पुसलं, स्पिरिट लावून, तुम्ही शिकवलंत तसं. आणि बाबा, तुमच्या भाषेत सांगायचं तर आवाज स्वच्छ. इतका स्वच्छ की हाय-फाय यंत्रांची तुलना करायला तिचा आवाज मापासारखा वापरायचे म्हणे.

ते कळलं तेव्हा मला आपलं दुकान आठवलं. गणपतीच्या आधी मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्तीला यायचे. तुम्ही जोडणी करायचात आणि "हॅलो, हॅलो"ने समाधान व्हायचं नाही. मग आत हाक, "अगं, जरा दोन ओळी म्हण." आई पदराला हात पुसत यायची, पिठाची बोटं लागू नयेत म्हणून माइक मनगटांत धरायची आणि डोळे मिटून दोन ओळी म्हणायची. तुम्ही ट्रेबल जरा कमी करायचात. बोळातले सतारीवाले काका हातातलं काम थांबवायचे. आणि आई परत पोळीकडे.

तर ही मेरी ब्लॅक 1955 ची, डब्लिनचीच. वडील रॅथलिन नावाच्या बेटावरचे, फिडल वाजवणारे, आई गाणारी. पाच भावंडं, सगळी गाणारी. विशीत 'जनरल हम्बर्ट' नावाच्या मंडळीबरोबर युरोपभर फिरली, 1983 ला स्वतःची पहिली रेकॉर्ड आली, मग 'डी डॅनन' या बँडमध्ये तीन वर्षं. त्याच दिवसांत घरात लहान मुलं. घर आणि दौरे यांची ओढाताण तिलाही चुकली नाही. नवरा रेकॉर्ड कंपनीतलाच, म्हणजे आपल्यासारखं घरात दुकान आणि दुकानात घर. दोन भाऊ अमेरिकेत स्थायिक झाले, तरी भावंडांनी मिळून रेकॉर्डी केल्या. (दादाला सांगा. तो साधा फॅमिली ग्रुपवर उत्तर देत नाही.) एक बहीण गाते आणि आता इथल्या सिनेटमध्येही (आपल्या राज्यसभेसारखं) आहे. 1992 ला सहा बायकांची मिळून एक रेकॉर्ड निघाली, त्यात या दोघी बहिणी. ती घरोघरी गेली, शेजारच्या आजींकडेही आहे.

मुलगी रोशीनही गाते. मुलगा 'द कोरोनाज' नावाच्या बँडचा गायक. आई, दचकू नकोस, साथीच्या कितीतरी आधीचं नाव आहे, त्यांची पहिली रेकॉर्ड 2007 ची. म्हणजे आई दौऱ्यावर गेली म्हणून पोरं बिघडली नाहीत, एवढंच मला म्हणायचंय. आणि साठीला आल्यावर तिने परदेशातले मोठे दौरे आपणहून थांबवले. आपणहून.

आई, हे लिहून मी बराच वेळ थांबले होते. तुझ्याशी तुलना करत नाही गं. आकाशवाणीचं ते पत्र अजून लोखंडी पेटीत आहे, शालूच्या घडीत, मला माहीत आहे. सांगलीला जायचं-यायचं, दादा तान्हा, मग मी. तू थांबलीस म्हणून आम्हाला गरम जेवण मिळालं. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये तुझा यमन मिळाला. मला कशाचीच उणीव नव्हती. फक्त मला थांबायला सांगू नकोस. तू सांगितलं नाहीसच. तरी.

आता ऐका. ऑपरेशनच्या आदल्या रात्री दादा येतोय, परत जायची घाई करू देऊ नका. थेंबांच्या बाटल्यांवर बाबांनी मोठ्या अक्षरात 1, 2, 3 लिहायचं आणि घड्याळ लावून घालायचे. हात आधी साबणाने. आईने वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, फोडणी तर अजिबात नाही. डबा महिनाभर लावलाय, पैसे दिलेत, भांडू नका. बाबा, डब्यातलं लोणचं तुमच्यासाठी नाही, बीपीची गोळी सकाळचीच. गुडघ्याला तेल तिने स्वतः लावायचं नाही, तुम्ही लावायचं. लाजू नका. गरम पाण्याची नवी पिशवी शनिवारपर्यंत येईल. जुनी गळते, ती टाका. ठेवून देऊ नका.

तुमचीच,
मनू

ता. क. इथे पबमध्ये लोक गोल करून गायला बसतात. आपलं गाणं झालं की पुढच्याचं नाव आपण घ्यायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने नाही म्हणायचं नसतं. मी पहिल्यांदा गायले ती शेजारच्या आजींनी माझं नाव घेतलं म्हणून. आता मी आईचं घेतलंय. आपल्या आजीची ती पहाटेची ओवी, मला तिसरी ओळ आठवत नाही. बाबा, पंखा बंद, फ्रिज बंद, दुकानाचं शटर खाली, आणि फोन तिच्या तोंडापासून वीतभर लांब धरा. ऑपरेशनच्या आधी पाठवा. शुक्रवारपर्यंत.