अपडेटमध्ये बदलले काय, ते सांगा

‘काही दोष दूर केले, कामगिरी सुधारली.’ बहुतेक अ‍ॅपच्या अपडेटखाली दर वेळी हेच वाक्य असते. कोणता दोष? सुरक्षेची त्रुटी असेल तर अपडेट त्याच दिवशी घ्यायला हवे. नुसती मांडणी बदलली असेल तर थांबता येते. ग्राहकाने हे ठरवायचे कशावरून?

जुन्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये, म्हणून अ‍ॅपलने अपडेटमधून काही आयफोनचा वेग कमी केला होता. त्याची स्पष्ट कबुली डिसेंबर २०१७ मध्ये आली, तीही वापरकर्त्यांनी वेग मोजून दाखवल्यावर! तोवर अनेकांनी नवा फोन घेतला असेल. हा अन्यायच आहे.

काय बदलले, काय काढले आणि कोणता दोष अजून शिल्लक आहे, हे कंपन्यांनी प्रत्येक अपडेटसोबत साध्या भाषेत लिहावे.

– एक वाचक