रांधा, वाढा आणि बिलाची वाट पाहा

मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन यांस खुले पत्र

मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आमचा महिला बचत गट गावातील दोन अंगणवाड्यांना सकाळचा नाश्ता आणि दुपारचा गरम ताजा आहार पुरवतो. स्वयंपाक माझ्याच घरी होतो. दिवाळीच्या आधीपासून आमची बिले थकलेली असून ती 31 मार्चपूर्वी निश्चित अदा होतील, असे आम्हाला भर बैठकीत सांगण्यात आले होते. मार्च संपला. पैसे आले नाहीत, ‘कारणे दाखवा’ नोटीस मात्र आली. उसळीत मटकीचे प्रमाण कमी आढळल्याने आपल्या गटाचे काम का काढून घेऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा, असे तीत म्हटले आहे. ही तत्परता पाहून ऊर भरून आला. नोटिशीच्या टपालखर्चात दोन बालकांचा एका दिवसाचा आहार भागला असता, एवढेच तूर्त नमूद करते.

मटकी कमी पडली, कारण किराणा दुकानदाराने उधारी बंद केली. त्याला मी दोष देत नाही. शासनाच्या आश्वासनांवर त्याने आमच्यापेक्षा थोडा कमी विश्वास ठेवला, इतकेच.

एका बालकामागे दिवसाला 8 रुपये हा दर 2017 साली ठरला. 1 फेब्रुवारी 2025 रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात पोषण आहाराचे दर वाढवण्याची घोषणा झाली तेव्हा आम्ही टाळ्याही वाजवल्या, पण आमची अडकलेली बिले त्या जुन्या आठ रुपयांचीच आहेत. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या बालकासाठी रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने ठरवून दिली होती. बाजारात एक अंडे घ्यायला गेले तरी सहा-सात रुपये पडतात, मग उरलेल्या एक-दोन रुपयांत डाळ, तेल, मीठ, इंधन आणि रांधणाऱ्या बाईची मजुरी कशी बसवायची, याचे प्रात्यक्षिक आपल्या विभागातील एखाद्या अधिकाऱ्याने आमच्या चुलीपुढे बसून दाखवावे. चूल म्हणते आहे, कारण आठशेच्या वरचा सिलिंडर आता परवडत नाही. माझे डोळे धुराने सुजलेले असतात आणि खोकला रात्रभर झोपू देत नाही.

साठ बालकांचे पंचवीस दिवसांचे बिल होते बारा हजार रुपये. मंत्रालयात ही रक्कम कुणाच्या खिजगणतीतही नसेल. आमच्या घरात मात्र तिच्यापायी माझी कानातली फुले गेली, मुलीची परीक्षा फी नणंदेकडून उसनी आणावी लागली आणि गटाच्या बचतीतून आम्ही महिन्याला दोन टक्क्यांनी कर्ज काढले. म्हणजे आपल्याच पैशांवर आपणच व्याज भरून शासनाच्या कायदेशीर जबाबदारीचा खर्च आम्ही चालवतो, आणि शासनाला तो बिनव्याजी वापरायला देतो. गटातल्या बायका आता मलाच विचारतात, की पैसे खरेच आले नाहीत, की अध्यक्षांनी खाल्ले? गावात वर मान करून चालणारी मी, या एका प्रश्नाने खचले. याचा खुलासा कोणी करायचा?

सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत, शक्यतो गावातील बचत गट व महिला मंडळांकडून काम घ्यावे, असे बजावले. आदेश आमच्या भल्याचा होता. पण ठेकेदाराला भांडवल असते, आम्हाला नाही, हे लक्षात घेऊन आगाऊ रक्कम देण्याची व्यवस्था कोणी केली नाही, आणि गट मोडून पडले की ‘महिलांना जमत नाही’ म्हणायला सगळे मोकळे. लघुउद्योजकाने माल दिला तर 45 दिवसांत पैसे देण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहे, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजासह. खिचडी हा माल नसावा.

बाईचे काम आले की या राज्यात सगळे सेवाभावावर चालते. अंगणवाडी सेविकांना वेतन नाही, मानधन. त्यासाठीही त्यांना डिसेंबर 2023 पासून जानेवारी 2024 पर्यंत, सुमारे पन्नास दिवस, संप करावा लागला. लाडकी बहीण म्हणून दरमहा 1,500 रुपये देताना पानभर जाहिराती झळकतात. तीच बहीण राबून मिळवलेल्या पैशांचे बिल घेऊन गेली, की ‘अनुदान प्राप्त नाही’. ओवाळणी देता येते, मजुरी देता येत नाही, असा हा भाऊ आहे. केंद्राकडे विचारावे तर निम्मा वाटा राज्याचा, राज्याकडे विचारावे तर निम्मा केंद्राचा. या दोन निम्म्यांमध्ये आमची पूर्ण रक्कम बेपत्ता होते.

मागण्या फार नाहीत. महिन्याच्या धान्य-किराण्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. बिल सादर केल्यापासून तीस दिवसांत उरलेली द्यावी, न दिल्यास व्याज द्यावे. थकबाकी असताना त्याच काळातील त्रुटींसाठी कोणत्याही गटाचे काम काढू नये. आणि येत्या अधिवेशनात राज्यातील बचत गटांची थकबाकी जिल्हानिहाय सभागृहापुढे ठेवून ती कोणत्या तारखेला देणार, हे लेखी जाहीर करावे. ‘लवकरच’ ही तारीख आम्ही यापुढे स्वीकारणार नाही.

आपली,
एका महिला बचत गटाची अध्यक्ष