तीनपत्तीची सवय पोकरमध्ये नडते

मा. संपादक,

दिवाळीत तीनपत्तीचा डाव मराठवाड्याला नवा नाही. आता पुण्या-बंगळुरूहून सुट्टीला आलेली मुलं त्याच सतरंजीवर पोकर मांडतात. पत्ते तेच बावन्न, म्हणून तीनपत्तीवाल्यांना वाटतं यात शिकायचं काय! मग भांडण ठरलेलं: सिक्वेन्स (ओळीने लागलेली पानं) मोठा की कलर (सगळी एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक अशी)?

तीनपत्तीत सिक्वेन्स मोठा. पोकरमध्ये सिक्वेन्सला स्ट्रेट म्हणतात, कलरला फ्लश, आणि तिथे फ्लश वर. तीन पानांचे एकूण हात, म्हणजे पानांच्या जुळण्या, 22,100. त्यात साधे सिक्वेन्स 720, कलर 1,096. पाच पानांचे हात 25,98,960. त्यात स्ट्रेट 10,200, फ्लश फक्त 5,108. जे कमी वेळा येतं ते मोठं, एवढंच. (तीनपत्ती मात्र स्वतःच हा हिशेब मोडते. ट्रेल (तिन्ही पानं सारखी) 52 तऱ्हांनी लागते, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा सिक्वेन्स) 48 तऱ्हांनी, तरी मान ट्रेललाच.)

पोकरमध्ये हातातली दोन आणि मधली सगळ्यांची पाच, यांतून पाच पानांचा हात जुळवायचा. समजा मधे उघडी पाच पानं अशी: बदाम एक्का, बदाम नव्वी, किलवर दश्शी, इस्पिक गुलाम, बदाम तिर्री. एकाच्या हातात राजा-राणी. दश्शी ते एक्का स्ट्रेट लागला म्हणून तो हात पुढे करतो. दुसऱ्याकडे बदामाची दुर्री आणि छक्की, दिसायला फाटकी पानं. पण बदाम पाच झाले, डाव त्याचा.

वरून खाली क्रम असा: रॉयल फ्लश (एकाच रंगात दश्शी ते एक्का), स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचा स्ट्रेट), चार सारखी, फुल हाउस म्हणजे तीन सारखी अधिक जोडी, फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, नुसतं मोठं पान. एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट.

दुसरा घोळ ‘ब्लाइंड’चा. पोकरमध्ये त्याचा अर्थ तीनपत्तीसारखा पानं न बघता खेळणं असा नाही. डीलरच्या (पानं वाटणाऱ्याच्या) डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधी सक्तीने लावायची रक्कम म्हणजे ब्लाइंड. तीनपत्तीतला बूट (डावाआधीची रक्कम) सगळे भरतात, ब्लाइंड हे दोघेच. पैसे नकोतच, प्रत्येकी शंभर चिंचोके घ्या, स्मॉल ब्लाइंड एक, बिग ब्लाइंड दोन. मग हातात दोन पानं, मधे आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). हातात पानं आल्यावर एकदा आणि मधली पानं उघडतील तसं दर वेळी, असं चारदा लावायचं. पॅक (पानं टाकून डाव सोडणं) म्हणजे फोल्ड, आधीच्याइतकं लावणं म्हणजे कॉल. ‘चेक’ तीनपत्तीत नाही: काही न लावता पाळी पुढे देणं. त्या फेरीत आधी कुणी लावलं असेल तर चेक चालत नाही. सुरुवातीला ब्लाइंड लागलेलेच असतात, म्हणून पहिल्या फेरीत ही सोय फक्त बिग ब्लाइंडवाल्याला, तीही कुणी वाढवलं नसेल तर.

दोघांकडे एक्क्याची जोडी आली तर उरलेली मोठी पानं बघतात. त्यातलं जिंकवणारं पान म्हणजे किकर. पण हात पाचच पानांचा. मधे एक्का, राजा, राणी, गुलाम, चौकी असेल आणि दोघांच्या हातात एकेक एक्का, तर सोबतची एकाची नव्वी आणि दुसऱ्याची सत्ती दोन्ही बाद; डाव बरोबरीत. ‘माझं इस्पिक’ म्हणून भांडू नये, पोकरमध्ये रंगांत लहान-मोठं नाही. चिंचोके निम्मे वाटायचे. एक उरलाच तर त्या दोघांपैकी डीलरच्या डावीकडून जो आधी बसला असेल त्याला.

– एक वाचक, परभणी