सड्यांवर झाडे नकोत

संपादक महोदय,

पावसाने आठवडाभर दडी मारली की आपण धरणांची टक्केवारी बघतो. कासच्या पठारावर तेवढ्यात डबकी आटतात, त्यातले बेडूकमासे मरतात आणि सीतेची आसवं ही इवली रानफुले सुकू लागतात, कारण जांभ्या खडकावर माती जेमतेम वीतभर, कुठे तेवढीही नाही. उलट जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. त्याच सुमारास घाटाखाली तळियेत दरड आली. लांबलचक उघडीप, मग एकदम ढगफुटीसारखा मारा, हे सह्याद्रीत वाढत चालले आहे.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे वृक्षारोपण. ‘ओसाड’ सडा, म्हणजे कासासारखे उघडे खडकाळ पठार, दिसला की खड्डे खणायचे, रोपे लावायची, फोटो काढायचे! सडा ओसाड नसतो. २०१२ साली कास जागतिक वारशात गेले ते काही झाडांमुळे नव्हे. ऑस्ट्रेलियन बाभळीची सावली पडली की उन्हावर जगणारी ही गवते-फुले संपतात. वन विभागाने सडे लागवडीतून वगळावेत. उतारावरची तुटलेली राने आहेत की, तिथे जांभूळ, हिरडा, अंजनी लावा आणि पुढची काही वर्षे वणव्यापासून राखा.

– एक वाचक, सातारा