यकृत नवं, विषाणू जुनाच

प्रिय सुहास,

तुझं पत्र काल मिळालं. दादांच्या रक्तात हेपटायटिस सी पुन्हा सापडला हे वाचून वाईट वाटलंच, पण जास्त लागलं ते तुझं शेवटचं वाक्य. प्रत्यारोपणात दादांना आपल्या यकृताचा तुकडा देणाऱ्या वहिनी 'माझंच यकृत नासकं असणार' म्हणत रडतात. तू आधी त्यांच्याजवळ जा आणि सांग की त्यांच्या यकृतात काडीचा दोष नाही. पुढचं पत्र नंतर वाच.

विषाणू दादांच्या रक्तातच होता. जुनं यकृत काढलं तरी रक्त तेच ना! ऑपरेशनच्या वेळी रक्तात विषाणू असला की नव्या यकृताला लागण जवळजवळ ठरलेली, तीही रक्तपुरवठा जोडल्यावर काही तासांतच. आधी औषधं देऊन मग ऑपरेशन करावं, एवढी सवड दादांच्या तब्येतीने दिलीच नव्हती.

इतकी वर्षं शरीराच्या ओळखीचा असलेला विषाणू नव्या यकृतात असा कसा शिरतो, हा तुझा प्रश्न मलाही कित्येक दिवस छळत होता. या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ९,६०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) लिहिलेलं तपासून पाहत नाही, आणि जुनाट आजारात दिवसाला लाख कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे एकाच माणसाच्या अंगात थोड्याथोड्या फरकाच्या भावंडांचा गोतावळा नांदत असतो.

एका रुग्णाचे प्रत्यारोपणाआधीचे आणि नंतरचे नमुने मी शेजारी-शेजारी लावून पाहिले होते. विषाणूच्या आवरणावरच्या ई२ नावाच्या प्रथिनात २७ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे. प्रतिपिंडांचा (अँटिबॉडीजचा) मारा तिथे होतो, म्हणून तो सतत रूप पालटतो. आधीच्या नमुन्यात या तुकड्याची एका विषाणूची ओळ दुसऱ्याच्या ओळीसारखी नव्हती. नंतरच्या नमुन्यात बहुतेक ओळी हुबेहूब एक. मी कितीतरी वेळ पडद्यासमोरून हललो नाही. एवढ्या गर्दीतले मोजकेच आत पोचले होते. असे निसटणारे बहुधा प्रतिपिंडांना चकवणारे आणि यकृतपेशीत चटकन शिरणारे असतात. त्यात शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दादांची प्रतिकारशक्ती टॅक्रोलिमस या औषधाने मुद्दाम दाबलेली, म्हणून रिपोर्टातला विषाणूंचा आकडा आधीपेक्षा चढलाय. त्या आकड्याने हबकू नकोस.

पूर्वी मात्र हबकण्यासारखंच होतं. इंटरफेरॉन हे तेव्हाचं औषध झेपायचं नाही आणि पाच वर्षांत शंभरातल्या वीस-तीस जणांचं नवं यकृतही सिरोसिसपर्यंत, म्हणजे व्रण पडून निबर होण्यापर्यंत, जायचं. २०१३ मध्ये सोफोसबुव्हिर हे औषध आलं आणि चित्र पालटलं. नक्कल करणाऱ्या त्या विकराच्या ऐन खाचेत ते काम करतं. तिथे विषाणूने बदल केला तर त्याची स्वतःचीच वाढ लंगडी पडते, म्हणून एवढ्या गोतावळ्यातूनही त्याला टिकाऊ पळवाट सहसा मिळत नाही. जोडीला दुसरं औषध देतात. प्रत्यारोपणानंतरही शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणू दिसला नाही, की तो गेला असं धरतात.

दादांची सगळी औषधं कागदावर लिहून डॉक्टरांना दाखव, आम्लपित्ताची गोळीसुद्धा. काहींचं या उपचाराशी जमत नाही. टॅक्रोलिमस मनाने एक दिवसही चुकवू देऊ नकोस.

रात्री आठनंतर मी मोकळा असतो. फोन वहिनींनाच करायला सांग, मी त्यांच्याशी स्वतः बोलतो.

तुझा,
माधव