सड्याला पडीक म्हणू नका

महोदय,

आपल्या अंकात आमच्या राजापूरकडच्या सड्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळांचा, उल्लेख 'पडीक कातळ' असा वाचला. सातबाऱ्यावरही 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, लिहिलेलं असतं, तेव्हा दोष एकट्या तुमच्या बातमीदाराचा नाही. मार्चपर्यंत मीही तेच म्हणत होते.

मार्चमध्ये लेकीकडे ह्यूस्टनला गेले होते. जावयांनी दहा तास गाडी हाकून बिग बेंड राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेलं. टेक्सासच्या पश्चिम भागात, रिओ ग्रांदे नदीच्या वळणावरचं हे उद्यान 1944 साली झालं. क्षेत्रफळ 3,200 चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या निम्म्याहून बरंच जास्त. नदीपलीकडे मेक्सिको. तीस वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला आणि वाळवंट म्हटलं की फळ्यावर उंट आणि वाळू काढली. इथे वाळूच्या टेकड्या नव्हत्याच. दगड, खडी, काटेरी झुडपं. गाडीतून उतरल्यावर पहिलं वाक्य तोंडून आलं ते, "अगो, हा तर आपला मे महिन्यातला सडा!"

ओकोटियो नावाचं एक झाड तिथे जागोजाग दिसतं. झाड कसलं, शेराच्या कुंपणातल्या काठ्या उपटून उभ्या केल्यासारखं. पान एक नाही, पण शेंड्याला पांगाऱ्यासारखी लाल फुलं. पाऊस पडला की चार दिवसांत पानं येतात, जमीन सुकली की गळतात. मेलेलं दिसतं, पण मेलेलं नसतं. हे सगळं वाटेवरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पाटी वाचून होईस्तोवर मी दहा मिनिटं उन्हात उभी, आणि लेक ओरडतेय, "आई, टोपी घाल!"

मग गाडी चिसोस डोंगरात चढली. ही अख्खी डोंगररांग उद्यानाच्या हद्दीतच आहे आणि तिचं सर्वांत उंच शिखर 7,825 फुटांचं. अर्ध्या तासात निवडुंग मागे पडले, ओक आणि पाइन लागले, मला शाल पांघरावी लागली. मुक्कामाच्या जागी लोखंडी पेटी. खाण्याचं सगळं त्यात कुलपात ठेवायचं, कारण अस्वलं. शिकारीमुळे तिथून नाहीशी झालेली काळी अस्वलं 1980च्या दशकात मेक्सिकोतून आपल्या पायांनी परत आली म्हणे. माझी आंबापोळी तर पेटीत गेलीच, वर खोबरेल तेलाची बाटलीही गेली. वासावर येतात! दोन दिवस कोरड्या केसांनी फिरले.

सांता एलेना घळीत दोन्ही बाजूंना 1,500 फुटांचे कडे, आणि मधल्या नदीला पाणी आमच्या अर्जुना नदीला मे महिन्यात असतं तेवढंच. तिथेही वाट सोडून चालायचं नाही, दगड उचलायचा नाही. कुणी शिट्टी वाजवत नव्हतं, तरी लोक पाळत होते.

आता आपल्याकडे. गणपतीत सड्यावर सीतेची आसवं फुलतात, बोटभर उंचीची, निळी-जांभळी. गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचा पिवळा रंग. याच कातळावर कशेळीचा अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. आपली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. सड्यात मुरलेलं पाणी आमच्या विहिरीला येतं. आणि गाड्या थेट सड्यावर! गेल्या गणपतीत माझ्या सख्ख्या भाच्यानेच फोटोसाठी गाडी आत घातली. मी ओरडले तर म्हणतो, "मावशी, दगडावर काय मोडणार?" खाली उतरवून दाखवलं. चाकाच्या दोन पट्ट्यांत फुलं चिखलात लगदा झाली होती. तो गप्प झाला, गाडी मागे घेतली, पण मागे घेतानाही चाकं फुलांवरूनच गेली.

ग्रामपंचायतींनी डांबरी रस्त्याच्या कडेलाच गाड्या थांबवाव्यात आणि चिऱ्याच्या दोन खांबांवर एक पाटी लावावी: कुठलं फूल, कधी येतं, वाट कुठून. चिरे आपल्याकडे काय कमी आहेत? फुलांची नावं हवी असतील तर मी लिहून देईन.

आणि आपण पुढच्या बातमीत 'पडीक कातळ' ऐवजी नुसतं 'सडा' छापावं.

— एक निवृत्त शिक्षिका, राजापूर तालुका